परकराची नाडी आणि बेवची दोन झाडं

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या मी, कॅनबेरातल्या शेजारणीच्या बाल्कनीत गांजाची झाडं पाहिली आणि तिच्याकडे भाजीपुरती पानं मागितली.

मला ती अंबाडी वाटली. ज्यांनी दोन्ही झाडं पाहिली आहेत त्यांनी हसू नये, आणि ज्यांनी एकच पाहिलं आहे त्यांना विचारायचा अधिकार नाही. पंजासारखं फाकलेलं पान, कडेला करवतीचे दाते, सरळसोट खोड. आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना अंबाडीची भाजी दिसली की पुढचं काही दिसत नाही. लसणाची फोडणी, कण्या, वरून कच्चं तेल.

कॅनबेराच्या गंगालिन उपनगरातल्या आमच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर दोन बाल्कन्या शेजारी शेजारी आहेत, मध्ये फक्त एक धुरकट काच. पलीकडे बेव राहते. वय त्र्याहत्तर, आयुष्यभर सिटी बस चालवली, आता गुडघे गेलेले. मी काचेच्या कडेने मान काढून, येत होतं तेवढं इंग्रजी गोळा करून म्हटलं, "प्लीज, लिटल लीफ? फॉर कुकिंग."

"कुकिंग?" बेव म्हणाली. "हाऊ डू यू कुक इट, लव्ह?"

"व्हेरी सिंपल. विथ गार्लिक."

तिने काचेच्या कडेने मला नीट न्याहाळलं. मग म्हणाली, आधी तुझ्या मुलाला विचार.

मुलाला कशाला विचारायचं? मी मोबाइलवर नातीला झाड दाखवलं. सांची मेलबर्नला युनिव्हर्सिटीत आहे. ती खुर्चीवरून पडायची बाकी होती. "आजी! दॅट्स वीड! ओ माय गॉड, आई! आजीने बेवकडे वीड मागितलं!"

कॅनबेरात त्या वर्षीच कायदा बदलला होता. मोठ्या माणसाला घरात दोन झाडं लावायची मुभा. बेवने मोजून दोन लावली होती आणि त्यांना आपल्या दोन माजी नवऱ्यांची नावं दिली होती, रॉन आणि बॅरी.

तरुणपणी माझ्या वर्गात एखाद्या मुलीने अशी चूक केली असती, तर मी तिला अख्खा तास उभी केली असती. तेव्हाची मी म्हणजे बी.एस्सी.ची पदवी डोक्यावरच्या पदरासारखी मिरवणारी बाई. एकदा एका पोरीने जास्वंदीच्या पानाच्या कडा गुळगुळीत काढल्या म्हणून मी तिची वही वर्गभर फिरवली होती. ती पोर आज भेटली तर तिला बेवच्या बाल्कनीत घेऊन जाईन आणि म्हणेन, घे, फिरव मला वर्गभर.

*

अंबाडीची आठवण उगाच झाली नव्हती. त्याच्या आठ दिवस आधी मला स्तनाचा कॅन्सर असल्याचं कळलं होतं.

गाठ मला दोन महिने माहीत होती. आंघोळ करताना हाताला लागायची. मी कुणाला सांगितलं नाही. करोना सुरू आहे, दवाखान्यात जाऊन काय करायचं, एवढ्याशा गाठीसाठी पोरांना कशाला ताप. असं वाटणाऱ्या बायांसाठीच हे लिहीत आहे. बायांनो, सांगा. गाठ वाट बघत नाही.

निकालाच्या दिवशी आत एकालाच सोबत न्यायची परवानगी होती. माझा मुलगा मिलिंद खाली गाडीत थांबला, सून वैशाली आत आली. डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर मास्क. त्यांचे डोळे तेवढे दिसत होते, आणि डोळ्यांवरून बातमी ओळखायची मला सवय नव्हती. त्या बोलत होत्या. मी टेबलावरच्या सॅनिटायझरच्या बाटलीकडे बघत होते. तिचा पंप तिरका बसला होता.

वैशालीने माझा हात धरला. "आई, गाठ चांगली नाही."

"बरं," मी म्हटलं. "मिलिंदला पार्किंग किती वेळाचं मिळालंय?"

वैशाली रडली. मला रडू आलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. लोक म्हणाले, किती धीराच्या आहात. धीर कसला? कुणी आतला दिवा घालवून खोलीचं दार लावून घेतलं होतं. मी बाहेर उभी होते आणि मला आत जायची घाईही नव्हती.

डिसेंबरात ऑपरेशन झालं. जानेवारीपासून केमो. बारा आठवडे, दर मंगळवारी.

*

मंगळवार असा असायचा. मिलिंद मला हॉस्पिटलच्या दारात सोडायचा, पुढे एकटीने जायचं. कपाळावर तापमापक, मग तेच प्रश्न. नाव सांगा, जन्मतारीख सांगा. जन्मतारीख एवढ्या वेळा विचारली की मला संशय यायला लागला, खरंच तीच आहे ना? आमच्या काळी शाळेत गुरुजी लिहितील ती जन्मतारीख.

खिडकीजवळची खुर्ची मिळाली तर बरं. हातात सुई, समोर थेंब. नर्स कित्येक होत्या, पण एकीचाही पूर्ण चेहरा मी आजवर पाहिलेला नाही. उद्या बाजारात समोर आल्या तर ओळखणार नाही. एक मात्र लक्षात राहिली. ती न विचारता कपाटातून ऊन ब्लँकेट काढून पायावर घालायची. तिथे ब्लँकेटं गरम करून ठेवायचं कपाट असतं. ज्याने ते बनवलं त्याच्या घरी सगळं सुखरूप असो. मी बारा आठवड्यांत मनापासून एवढीच इच्छा केली.

केस गेले त्याचं काही वाटलं नाही. चव गेली त्याचं थोडं वाटलं. वैशालीने सिडनीजवळच्या गिरावीनच्या देशी दुकानातून ज्वारीचं पीठ मागवलं होतं, ती भाकरी करायची आणि मी ओला पुठ्ठा चावल्यासारखी चावायची. "छान झालीय," म्हणायची. हे "छान" मला पुढे महागात पडणार होतं.

घराचं हॉस्पिटल झालं होतं. वैशाली दाराच्या कड्या पुसायची, भाज्या पुसायची, एकदा तिने मिलिंदचा चष्मा पुसला तेव्हा तो चिडला. दोघंही घरून काम करायचे, एक जेवणाच्या टेबलावर, एक बेडरूममध्ये. भांडायचे ते कुजबुजत, मला ऐकू जाऊ नये म्हणून. कुजबुजीतलं भांडण किती मोठ्याने ऐकू येतं ते त्यांना माहीत नव्हतं. मला मातीत हात घालायला बंदी. कुंडीच्या मातीतून जंतू जातात, असं पिशवीवरच लिहिलेलं असतं. आमच्या बाल्कनीतला पुदिना सुकून गेला. दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न, "आई, कसं वाटतंय?"

"छान."

*

पाचव्या मंगळवारानंतर बोटांची टोकं गेली. म्हणजे होती जागेवर, पण माझी नव्हती. आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. ब्लाउजचं हूक लागेना. चहाचा कप किती गरम आहे ते ओठांना कळायचं, हाताला नाही. तळपायांखाली कुणी सतरंजी घातल्यासारखं वाटायचं.

दर सोमवारी हॉस्पिटलमधून नर्सचा फोन यायचा, उद्याच्या औषधाआधीची चौकशी. हॉस्पिटल दुभाषी द्यायला तयार होतं, पण मीच म्हटलं, घरची सून असताना परका माणूस कशाला? वैशाली तिची मीटिंग सोडून यायची, फोन स्पीकरवर ठेवायची, आणि एकेक प्रश्न मराठीत करून मला विचारायची.

"आई, उलटी?"

"नाही."

"ताप?"

"नाही."

"हाताच्या, पायाच्या बोटांना बधिरपणा, मुंग्या?"

"नाही गं."

आणि वैशाली फोनमध्ये सांगायची, "नो. शी इज ऑल गुड."

खोटं का बोलले? पुष्कळ कारणं सांगता येतील. औषध थांबवतील ही भीती होती. मीटिंग सोडून आलेल्या सुनेसमोर नवं दुखणं मांडायची लाज होती. शिवाय माझ्या सासूबाई म्हणायच्या, पाय बधिर होतात, चप्पल निसटलेली कळत नाही. साखरेचा आजार होता त्यांना. आणि अठ्ठावीस वर्षांची मी, विज्ञानाची बाई, त्यांना सांगायची, "लक्ष देऊ नका आई, मनाचा खेळ असतो." ऐकलंत? मनाचा खेळ! त्या मूर्ख पोरीचं ऐकून मी आता स्वतःकडे लक्ष देत नव्हते.

आणि कमल होती. माझी धाकटी बहीण, अकोल्याला. फेब्रुवारीत तिकडे पुन्हा करोना वाढला. तिने दवाखान्यातून व्हिडिओ कॉल केला होता, नाकाला नळी लावून. "बाई, कशी हायेस वं? जेवतं का नीट?" मी म्हटलं, छान आहे. चौथ्या दिवशी ती गेली. तिच्या मुलाने स्मशानातून फोन लावला. चित्र सारखं अडकत होतं. त्रिसरण म्हटलं गेलं, तेही तुटत तुटत. मी हात जोडून बसले होते, आणि जोडलेले हात एकमेकांना लागलेले मला कळत नव्हते. फोन संपल्यावर मी उठून चहा ठेवला. तीन कप. साखर विसरले नाही.

बहीण गेलेल्या बाईने बोटांच्या मुंग्यांचं काय सांगायचं?

*

मार्चमध्ये बेवच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा नंबर लागला. जाताना तिने मला किल्ली दिली. म्हणाली, तुझ्या मुलाला द्यायची तर दे, पण त्याला झाड कळत नाही. तुला निदान भाजी तरी कळते.

झाडं तोवर माझ्या खांद्याला आली होती. शेंडे फुलांनी जड झाले होते आणि वास असा, की कुणी ओल्या गवतात लिंबू ठेचून घामट बनियनने पुसावं. पाचव्या मजल्यावर वारा दोन इमारतींच्या मधून घुसतो. बेवने कठड्याला जाळीचं हिरवं कापड लावलं होतं. वाऱ्याला अडवायचं नाही, गाळायचं, असं तिचं म्हणणं. प्रत्येक झाडाला दोन बांबू, आणि बांधायला जुन्या नायलॉनच्या मोज्यांच्या पट्ट्या, इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या, सैल. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी होती. 'घट्ट बांधू नकोस. त्यांना डोलू दे.' मला इंग्रजी वाचता येतं. ऐकायचं नसलं तरी वाचता येतं.

वैशालीला मी कबूल केलं होतं, मातीला हात लावणार नाही, मास्क आणि ग्लोव्हज घालीन, फक्त पाणी घालून येईन. खरं सांगू? मला झाडांपेक्षा ते रिकामं घर हवं होतं. तिथे मला कुणी विचारत नव्हतं, कसं वाटतंय. मी बेवच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायची. रॉन आणि बॅरी हलत असायचे. मी काहीच विचार करत नसायची. आजारपणातले माझे सगळ्यात चांगले तास ते.

आठव्या दिवशी फोनवर इशारा आला, दुपारनंतर सोसाट्याचा वारा. मी पाहिलं तर बॅरीची एक पट्टी सुटून लोंबत होती. माझ्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. नायलॉनच्या मोज्यांनी कुठे वारा थांबतो? मी घरी जाऊन माझ्या जुन्या परकरांच्या नाड्या काढून आणल्या. पक्का सुती माल, अकोल्याचा. ग्लोव्हजमध्ये गाठ जमेना म्हणून ग्लोव्हज काढून ठेवले.

सुरगाठ मारायची होती. ओढली की सुटते ती. दोन नाड्यांना लागली असं वाटलं, म्हणजे डोळ्यांना वाटलं. बोटांना काही सांगता येत नव्हतं. सैल आहे का घट्ट, कळेना. मग सुरगाठ सोडून मी नाडीच आवळली. अजून आवळली. नाडी खोडात रुतलेली दिसली तेव्हा थांबले. बांबूला, खोडाला, कठड्याला. तीन ठिकाणी निरगाठी मारून मी समाधानाने घरी आले.

त्या दुपारी वारा असा आला की आमच्या बाल्कनीतली खुर्ची घसरत दारापर्यंत आली.

वारा पडल्यावर संध्याकाळी गेले. रॉनला मी हात लावला नव्हता, तो जुन्या सैल पट्ट्यांत वेडावाकडा, पानं फाटलेला, पण उभा होता. बॅरी नाडीच्या वर बरोबर बोटभर अंतरावर मोडला होता. शेंडा कठड्याबाहेर लटकत होता. नाडी जागच्या जागी होती. गाठ तसूभर हलली नव्हती.

मी मिलिंदच्या खणातून चिकटपट्टी आणली. खोड जोडून गुंडाळावं म्हटलं. पण पट्टीचं टोक सापडेना. रीळ फिरवत होते, नखाने चाचपत होते, आणि नख कुठे आहे तेच कळत नव्हतं. किती वेळ फिरवलं कोण जाणे. मी घरी आले नाही म्हणून वैशाली शोधत आली. दारातच थांबली.

"आई, रक्त."

"कुठे?" मी विचारलं.

तिने माझा उजवा हात उचलून माझ्याच डोळ्यांसमोर धरला. पहिल्या बोटात बांबूची टोकदार कूस शिरली होती, चांगली पेरभर. पट्टीच्या रिळावर, माझ्या गाऊनवर, बॅरीच्या खोडावर, सगळीकडे लाल बोटं उमटली होती. मातीही लागली होती.

"दुखत नाही तुम्हाला?"

"ग्लोव्हज नव्हते ना, म्हणून..."

"आई. दुखत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

शाळेत खोटं पकडलं गेलेल्या मुली खाली बघतात. मीही पाहिलं. "पाचव्या मंगळवारपासून."

वैशाली बेवच्या खुर्चीवर बसली. रागावेल असं वाटलं होतं. तिचा आवाज अगदी लहान झाला. "मी दर सोमवारी माझ्या तोंडाने त्यांना 'नो' सांगत होते, आई. माझ्या तोंडाने."

मला त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी लागलं. कुठे, ते नीट सांगता येणार नाही. बोटाला नक्कीच नाही.

*

वैशालीने बोट धुऊन पट्टी बांधली, पण दुसऱ्या दिवशी रात्र व्हायच्या आत ताप आला. केमोत ताप आला की थांबायचं नसतं, तासाभरात हॉस्पिटल गाठायचं असतं. मिलिंद सिग्नल नसतानाही गाडीला ब्रेक मारत होता. तीन दिवस ठेवून घेतलं, सलाइनमधून औषधं दिली. माझ्या अंगातल्या लढणाऱ्या पेशी इतक्या कमी झाल्या होत्या, की ती कूस मला घेऊन गेली असती. गांजाचं झाड बांधताना गेली, असं अकोल्यात सांगावं लागलं असतं. तेवढं वाचलं.

डॉक्टरीणबाईंनी एक मंगळवार रद्द केला आणि उरलेल्यांची मात्रा कमी केली. म्हणाल्या, आधी सांगितलं असतं तर आधीच केली असती. बोटं परत येतील का, हे मी स्वतः विचारलं. त्या म्हणाल्या, बहुतेक येतील, महिने लागतील, थोडं कदाचित राहील. आज हे लिहिताना उजव्या हाताची दोन बोटं अजून आलेली नाहीत. पण मात्रा कमी करता येते हे तरी मला कुठे माहीत होतं? मला वाटायचं, सांगितलं की बंदच करतात. तुम्हालाही तसं वाटत असेल तर विचारा. विचारायला काही लागत नाही, फक्त तोंड लागतं.

बेव कुबड्या घेऊन परतली तेव्हा मी मास्क लावून तिच्या दारात उभी होते. सगळं सांगितलं. माझं इंग्रजी जिथे तुटलं तिथे हातवारे केले. ती बाल्कनीत गेली. बॅरीच्या बुंध्याकडे बघत राहिली. पाच महिने वाढवलेलं झाड होतं ते, तिला वाईट वाटलं, आणि तिने ते लपवलं नाही. मग तिने वाकून नाडीची गाठ सोडायचा प्रयत्न केला. सुटेना. दात लावायचा बेत दिसला, तेव्हा मी स्वयंपाकघरातून कात्री आणली.

"बॅरीच ना मोडला?" ती म्हणाली. "तो नेहमीच असा. घट्ट धरलं की मोडायचा." मग माझ्याकडे वळून, "अँड यू. तुला इतकं इंग्रजी येतं तर त्या नर्सला का नाही सांगितलंस?"

मी घरी येऊन हे वैशालीला सांगितलं. ती त्या दिवसांत माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. तिने ऐकलं, आणि भांडी लावत राहिली.

सोमवारी फोन वाजला. वैशाली तिच्या मीटिंगमधून उठून आली, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली, फोन स्पीकरवर ठेवला आणि माझ्या पुढ्यात सरकवला. पलीकडून नर्स हॅलो, हॅलो करत होती. मी वैशालीकडे पाहिलं.

ती म्हणाली, "आजपासून तुम्हीच बोला, आई. मोडकंतोडकं चालेल. खोटं बोललात तर मी इथेच बसलेय."